‘हकलबेरी फिन’ ही नुसती साहसकथा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांच्या सुटीतील वाचनासाठी आपल्या रविवार पुरवणीने सुचवलेल्या पुस्तकांत मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ पाहून आनंद झाला. पण तिची ओळख मिसिसिपी नदीवरच्या साहसांपाशीच थांबली, म्हणून हे पत्र.

ही कादंबरी अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल आहे आणि तिला पाठीशी घालणाऱ्या धर्माबद्दलही. मिस वॉटसन ही बाई कथानायक हक या पोराला देवाधर्माचे धडे देते. तिच्या घरी रोज रात्री गुलामांना आत बोलावून प्रार्थना होते. पण 800 डॉलर मिळताहेत म्हटल्यावर त्यांच्यातल्याच जिमला न्यू ऑर्लिन्सला विकायचा मोह तिला आवरत नाही. हे कळताच जिम पळतो आणि नदीवरच्या प्रवासात हकचा सोबती होतो. पुढे दोन वैरी घराणी एकाच चर्चमध्ये बंदुका जवळ ठेवून बंधुप्रेमावरचे प्रवचन ऐकतात आणि दुसऱ्याच दिवशी एकमेकांचे मुडदे पाडतात. मला मात्र सर्वांत अस्वस्थ करतो तो सायलस फेल्प्स. हा प्रवचने देणारा शेतकरी मनाने खरोखर चांगला आहे. पकडून आपल्याच आवारात साखळीने बांधून ठेवलेल्या जिमबरोबर तो प्रार्थनाही करतो. ती साखळी काढावी, हे काही त्याला सुचत नाही.

कादंबरीचे काळीज आहे एकतिसावे प्रकरण. पळालेल्या गुलामाला मदत करणे हे पाप, असेच हकच्या मनावर बिंबलेले आहे. तो मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळवणारी चिठ्ठी लिहितो आणि पाप धुतले गेल्यासारखे त्याला हलके वाटते. मग आठवतो जिम : हकची झोप मोडू नये म्हणून त्याच्या वाट्याचा पहाराही करणारा. हक चिठ्ठी फाडतो आणि नरकात जायला तयार होतो. आपण बरोबर वागलो, असे त्याला तेव्हाही वाटत नाही. एवढ्याशा पोराच्या सदसद्विवेकाचीही धर्माच्या नावाने कशी मोडतोड होते, हे इतक्या थेटपणे सांगणारे लेखन मी फार थोडे वाचले आहे.

ट्वेनने हे ऐकीव लिहिलेले नाही. तो मिझुरीतल्या हॅनिबल गावात, गुलाम बाळगणाऱ्या समाजातच वाढला. गुलामगिरी ईश्वराला मान्य आहे, असे तिथे चर्चमधूनच शिकवले जाई, हे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. अमेरिकेत कादंबरी आली 1885 मध्ये. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा 20 वर्षे झाली होती, पण दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा हिरावले जात होते. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती असभ्य ठरवून कपाटाबाहेर काढली. शेवटच्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर जिमच्या कैदेचा खेळ करतो, तो भाग मलाही खटकतो. तरी एकतिसाव्या प्रकरणाचे मोल त्याने कमी होत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता आणि धर्मग्रंथांच्या आधारे माणसाला दास कसे केले जाते, तेच त्यात मांडले होते. मोठ्या मुलांना ही दोन पुस्तके जोडीने वाचायला द्यावीत आणि ‘हकलबेरी फिन’ संक्षिप्त न देता संपूर्ण द्यावी, असे आपल्या पुरवणीने पालकांना आणि शिक्षकांना आवर्जून सुचवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली