तात्या, त्या राखाडी टी-शर्टसाठी

ती. तात्यांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइल वापरत नाही, म्हणून हे पत्र वाचून दाखवायचं काम नातवावर सोपवलंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण गणपतीत जो तो विचारत होता, ‘टी-शर्ट खंयसून घेतलंस?’ आणि मी सांगत होते, मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर होड्यांवर नावं रंगवतात ना, ते तात्या.

मुंबईहून येणाऱ्या भावंडांसाठी अकरा पांढरे सुती टी-शर्ट आणले तेव्हा वाटलं, चार दिवसांत हातावेगळे होतील. पहिला आमसुलांच्या पाण्यात बुडवला. आईने आमसुलांवरून जे ऐकवायचं ते ऐकवलंच. रंग मात्र सुंदर गुलाबी चढला, आणि साबण लागल्याबरोबर निळसर राखाडी होऊन बसला. कोकमाचा रंग आंबटात लाल राहतो, साबणाच्या पाण्यात पालटतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं! दुसऱ्यावर फॅब्रिक कलरने सिंधुदुर्ग काढला, तर तटाचा रंग थेट पाठीवर उतरला.

तुम्ही आलात नारळ द्यायला. तो राखाडी टी-शर्ट दोरीवर बघून म्हणालात, “ह्यो तर पावसातल्या दर्याचो रंग! ह्येका फेकतंस कित्याक?” आणि पडवीत बसून पांढऱ्या रंगाने त्यावर एक होडी काढलीत. ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर दोनदा निपटलात, मग कागदावर एकदा टेकवलात. मला वाटलं, आता यात रंग उरलाय कुठे? पण शिडाची रेघ एका दमात, छातीच्या खिशाच्या जागेपासून खांद्यापर्यंत गेली आणि कुठेही फुटली नाही. मी दहा वेळा पाणी घालून पातळ करत होते, म्हणूनच तो पसरत होता.

नंतरचे तीन दिवस मी तुमची शिष्या. नवा टी-शर्ट आधी धुऊन घ्यायचा, त्याची खळ जायला हवी. आत पुठ्ठा सरकवायचा. होजियरीचं कापड ओढून ताणायचं नाही, नाहीतर सोडल्यावर चित्र आखडतं. आणि जाड थर द्यायचा नाही, अंगात घातल्यावर तडकतो. मी ओल्यावरच इस्त्री घेऊन धावले, तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, “आधी सुकांदे.” श्रावणातल्या हवेत एकेका टी-शर्टला दोन दोन दिवस लागले. मग उलट्या बाजूने, वाफ न सोडता इस्त्री.

धाकट्याला चित्रकथीतली, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगतात त्यातली, माणसं हवी होती. तेवढं तुम्ही मोडून काढलंत: ती पिंगुळी गावच्या ठाकर समाजाची कला, तुझ्या घरात काय दिसतं ते काढ. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? मग काढलं: आजीचा अडकित्ता, विळी, बांगडे, ओटीवरचा कंदील, आमच्या मांजराची शेपटी. अकराही वेगळे. पाठीवर उतरलेल्या तटाखाली लाटा काढल्या, आता तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

पैसे द्यायला गेले तर तुम्ही दार लोटलंत. म्हणून बाराव्या टी-शर्टवर तुमच्याच होडीचं नाव लिहिलंय. पाणी अजिबात घातलेलं नाही, तरी ‘ग’ जरा थरथरलाय. शनिवारी घेऊन येते, बघा.

तुमची,
वाड्यातली पोरगी