टायर कधीचा आहे, हे बिलावर लिहा

महोदय,

सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा तर 5 टक्क्यांवर. गोटा झालेले टायर कसेबसे रेटणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या निमित्ताने ते बदलून घेतले. भाव उतरला, बरेच झाले. पण घेतलेला टायर कधी बनला आणि साधारण किती टिकेल, या दोन साध्या प्रश्नांना गिऱ्हाइकाला आजही धड उत्तर मिळत नाही.

आधी तारखेचे बोलू. कारच्या टायरच्या कडेवर एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी चार आकडे. 3622 असेल तर तो टायर 2022 सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. वाचायला अवघड काही नाही. मात्र हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. बसवताना ती बाजू आत गेली की गाडीखाली शिरून बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाहीत. मी एका नामांकित दुकानातून चारही टायर बदलून घेतले. पुढे एकात खिळा घुसला. हायवेवरच्या पंक्चरवाल्याने चाक उतरवले, आतली बाजू फडक्याने पुसली, बोट ठेवून आकडे वाचले आणि म्हणाला, "नाना, टायर नवा शे, पन तीन वरीसना जुना शे." दुकानदाराला फोन केला. "वरून माल येतो तसा आम्ही देतो, गोदामात टायर काही खराब होत नसतो," एवढे बोलून त्याने विषय संपवला.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. थंड, अंधाऱ्या जागी नीट ठेवलेल्या टायरला थोड्याफार काळात काही होत नाही. पण रबर फक्त चालून झिजते असे नव्हे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात, मग कडेला बारीक भेगा पडू लागतात, आणि उष्णतेत हे सगळे लवकर घडते. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदला, असे काही मोटार कंपन्या सांगतात. आता मे महिन्यातले आमचे जळगाव-भुसावळ डोळ्यांपुढे आणा. पारा 45 च्या आसपास, आणि माल पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे तीन उन्हाळे काढलेला टायर मला पूर्ण भावात, ताजा म्हणून मिळाला.

खानदेशातला शेतकरी कपाशीचे बियाणे घेतो तेव्हा पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. पक्क्या बिलावर लॉट नंबर लिहावा लागतो. बी उगवले नाही तर त्या बिलाच्या जोरावर तक्रार करता येते. ज्याच्या भरवशावर आपण बायकापोरांना घेऊन कन्नडचा घाट चढतो, त्या टायरच्या बिलावर मात्र कंपनी, साईज आणि रक्कम. बस्स.

आता टिकण्याचे. "किती किलोमीटर जाईल?" या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे : "ते तुमच्या रस्त्यांवर आहे, भाऊ." हेही अर्धे खरे. जळगाव-अजिंठा रस्ता वर्षानुवर्षे उखडून पडला होता तेव्हा तिकडे रोज जाणाऱ्यांच्या टायरांची काय दशा झाली, ते सगळ्यांनी पाहिले आहे. खड्ड्यात आदळून कडेच्या आतले धागे तुटतात, फुगा येतो आणि क्लेमला गेले की 'रस्त्यावरची इजा' म्हणून हात वर केले जातात. क्लेम मान्य झालाच, तर उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने पैसे कापून.

पण रस्ता, वजन आणि चालवणारा सारखा धरला तरी एक टायर दुसऱ्यापेक्षा जास्त टिकतोच, आणि ते आकड्यात सांगता येते. अमेरिकेत कारच्या टायरवर झिजेचा आकडा छापणे सक्तीचे आहे. 100 आकड्याच्या नमुना टायरच्या तुलनेत 400 चा टायर चाचणीच्या रस्त्यावर चौपट टिकला, असा त्याचा अर्थ. तो किलोमीटरची हमी देत नाही, चाचणीही कंपनीच करते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना ढोबळच होते. तरी काहीच नसण्यापेक्षा बरे. त्याच्याच शेजारी उष्णता सोसण्याचा दर्जा असतो : ए, बी किंवा सी. आमच्यासारख्या मुलखात हे अक्षर खरे तर आधी बघायला हवे. आपल्याकडच्या काही टायरांवरही हे छापलेले सापडते, पण दुकानात ते कोणी दाखवत नाही.

आपल्या सरकारने काहीच केले नाही असे नाही. आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. जून 2022 च्या अधिसूचनेने टायर किती सहज फिरतो, ओल्या रस्त्यावर किती पकड धरतो आणि किती आवाज करतो, यांचे निकष ठरवून दिले. इंधन वाचेल, ब्रेक लागेल, गोंगाट कमी होईल. गिऱ्हाईक ज्यासाठी खिशात हात घालतो ते टिकणे तेवढे यादीतून राहिले.

जाता जाता एक. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हा सल्ला आमच्याकडे पारापासून पंपापर्यंत सगळे देतात. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो, त्यानेच आणखी तापतो आणि फुटायचा धोका वाढतो. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांच्या चालकाच्या दाराजवळ पट्टीवर लिहिलेले असते, आणि ती टायर थंड असताना मोजायची.

झिजेचा आकडा सक्तीचा करायला दिल्लीच हवी. तारखेसाठी मात्र कोणाचीही वाट पाहायची गरज नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या टायर विक्रेत्यांनी बिलबुकात एक रकाना वाढवावा आणि त्यात हे चार आकडे लिहून द्यावेत. टायर बसवण्याआधी ते गिऱ्हाइकाला दाखवावेत, आणि माल जुना असेल तर तसे सांगून भाव कमी लावावा. मी तर घेईन तसा, माझ्या टेम्पोच्या स्टेपनीला चालतो. आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायला शुल्कही लागत नाही. पक्के बिल तेवढे जपून ठेवा.

आपला,
एक मोटारमालक
पारोळा, जि. जळगाव