पैठणी कोणाला मिळाली ते छापता, माईकवाल्याचं नावही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

गणपतीत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या नागपुरात वस्तीवस्तीत खेळ पैठणीचा होतो. तुमच्या शहर पुरवणीत त्याची बातमी येते, फोटो येतो, प्रमुख पाहुणे कोण होते, पैठणी कोणाला, नथ कोणाला, सगळं असतं. पण दोन-तीन तास उभं राहून ज्याने तो अख्खा खेळ चालवला त्याचं नाव कधीच नसतं, आणि ही गोष्ट मला खरंच खटकते म्हणून लिहितोय.

आमच्या नंदनवनातलं सांगतो. मागच्या हळदीकुंकवाला एक नवीन लग्न झालेली मुलगी उखाणा घ्यायला स्टेजवर आली आणि माईक समोर आल्यावर एकदम गप्पच झाली, खालून बायका हसायला लागल्या. निवेदकाने माईक तिच्या तोंडासमोरून काढला, स्वतःकडे घेतला आणि विचारलं, काऊन घाबरता ताई, माहेर कुठलं तुमचं? ती म्हणाली काटोल. झालं, त्याने लगेच मोठ्यांदा सांगितलं, संत्र्याच्या काटोलच्या ताई आहेत या, काटोलवाल्या कोण कोण बसल्या आहेत, हात वर करा! पाच-सहा हात वर झाले, टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्यांमध्येच पोरीने धडाधड उखाणा घेतला. हे कोणी लिहून दिलेलं नसतं हो. संगीत खुर्चीत दोघी एकाच खुर्चीवर बसल्या की कोण आऊट हे एका सेकंदात सांगायचं आणि तेही असं की आऊट झालेली बाई रुसून घरी जाणार नाही, लाइट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत नुसत्या आवाजावर लोकांना बसवून ठेवायचं, हे सगळं त्याच एका माणसाकडे. २००४ पासून होम मिनिस्टरमुळे आदेश बांदेकर घराघरात भावोजी झाले ते छानच झालं, पण गल्लीतल्या भावोजींना दुसऱ्या दिवशी कोणी ओळखत नाही.

रेडिओचंही तसंच आहे. अमीन सयानी म्हटलं की आपल्याला गीतमाला आठवते, पण १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली तेव्हा तो चक्क एक खेळ होता. सात गाणी वाजायची, श्रोत्यांनी ती कोणत्या सालची ते ओळखून क्रम लावून पाठवायचा आणि बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली होती म्हणतात. लिहायचं, बोलायचं, वर ती पत्रंही तपासायची, या सगळ्याचे सयानींना आठवड्याला २५ रुपये मिळायचे. पुढे ते एवढे मोठे झाले, २०२४ मध्ये गेले तेव्हा सगळ्या देशाने आठवण काढली. पण त्यांच्यासारखं नशीब किती जणांचं असतं? आपलं नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ पासूनचं, तिथे किती आवाज येऊन गेले, कॅज्युअल अनाउन्सर म्हणून ड्युटीप्रमाणे पैसे घेऊन वर्षानुवर्षं काम केलेली माणसं आहेत, आवाज ऐकला की आपण ओळखतो आणि नाव विचारलं तर डोकं खाजवतो.

अमेरिकेत टीव्हीच्या गेम शोमध्ये होस्ट वेगळा आणि अनाउन्सर वेगळा असतो, तो बहुतेक वेळा दिसतही नाही. स्पर्धकांची नावं पुकारायची, बक्षिसाचं वर्णन करायचं आणि शूटिंगच्या आधी प्रेक्षकांना बोलून बोलून तापवून ठेवायचं हे त्याचं काम. द प्राइस इज राइटमध्ये जॉनी ओल्सन १९७२ पासून १९८५ मध्ये वारले तोपर्यंत हेच करत होते, स्पर्धकाला पुढे बोलवायचं त्यांचं ‘कम ऑन डाउन’ तिकडे पोरासोरांना पाठ होतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कार्यक्रम संपताना ते स्वतःचं नाव सांगायचे, मी जॉनी ओल्सन बोलतोय म्हणून. जेपर्डी नावाच्या प्रश्नांच्या खेळाचे अनाउन्सर जॉनी गिल्बर्ट तर १९८४ पासून आहेत आणि त्यांचंही नाव तिकडे लोकांना माहीत आहे.

आपल्याकडे एवढंच करायला काय हरकत आहे? तुमच्या वार्ताहरांना सांगा की अशा कार्यक्रमाची बातमी देताना निवेदन कोणी केलं ती एक ओळ टाकायचीच, जागा कमी असेल तर पाहुण्यांच्या यादीतलं शेवटचं नाव काढा. मंडळवाल्यांनीही मानधन कार्यक्रमाच्या आधी ठरवावं आणि त्याच रात्री हातात द्यावं, नंतर बघू भाऊ म्हणून महिनाभर फिरवू नये. आमच्या मंडळात मी हा विषय मांडला, यंदाच्या गणपतीच्या पत्रिकेत निवेदकाचं नाव पाहुण्यांच्या बरोबरीने छापायचं ठरलंय. पत्रिका आली की एक प्रत तुमच्या ऑफिसला आणून देतो.

– एक वाचक, नंदनवन, नागपूर