पाण्यातला रोबो आधी शिक्षकांना बांधू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने यंत्रं बांधून शिकायच्या प्रयोगशाळा, जाहीर झाल्या. आनंदच आहे. पण लॅब म्हणजे आधी खोकी येतात. ती उघडणारं कुणी तयार नसलं की स्टॉक रजिस्टरला नोंद होऊन कपाटात जातात. बिघडलं तर भरपाई कोण करणार, या धास्तीने कपाटाची किल्ली बाहेर निघत नाही. म्हणून एकच मागणी: किनारपट्टीच्या तालुक्यांतल्या विज्ञान शिक्षकांना पाण्याखालचा रोबो स्वतःच्या हाताने बांधायला आणि चालवायला शिकवा.

यात फार मोठं तंत्रज्ञान नाही. अमेरिकेत एमआयटीच्या सी ग्रँट कार्यक्रमाने २००३मध्ये असाच रोबो बांधायचा 'सीपर्च' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा शिक्षकांना शिकवण्यावरच भर होता. पैसा अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, १२ व्होल्टच्या तीन छोट्या मोटरी. दोन पुढे-मागे जायला आणि वळायला, एक वर-खाली व्हायला. मोटरीत पाणी शिरू नये म्हणून तिला टेप गुंडाळून मेण भरलेल्या डबीत बसवतात. रेडिओलहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, त्यामुळे काठावरच्या स्विचच्या डब्यापासून वायरच सोडावी लागते. सामान बहुतेक हार्डवेअरच्या दुकानातलं.

खरी गंमत पाण्यात सोडल्यावर. बोया (तरंगता ठेवणारा हलका तुकडा) जास्त झाला की रोबो वरच तरंगतो, वजन जास्त झालं की तळाला बसतो. जाळ्याच्या शिशाचा एकेक मणी लावत-काढत तो मध्येच स्थिर करायचा. एवढं करून विहिरीत अगदी बरोबर जमलेला रोबो समुद्रात वर येतो, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड. आर्किमिडीज वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाचीही इथे दमछाक होते. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत, वाढलेली मुलगी हे काम सरांच्या आधी जमवेल. ते सरांना पचायला हवं, त्याचीही सवय प्रशिक्षणातच व्हावी.

तेव्हा वेबिनार आणि प्रमाणपत्र नको. डाएटमार्फत (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत) निवासी प्रशिक्षण घ्या, शाळेमागे दोन शिक्षक बोलवा (एकाची बदली झाली की सगळं बारगळतं) आणि बांधलेला रोबो त्यांना शाळेत नेऊ द्या. सिंधुदुर्गाच्या शेजारी, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पाण्याखाली आपलं आपण फिरणारं 'माया' हे यान तिथेच घडलं. तिथल्या अभियंत्यांना बोलवा. तयार रोबोंच्या खरेदीचं टेंडर मात्र काढू नका. त्याऐवजी मोटरी, मेण, वायर यांसाठी दरवर्षी थोडा फुटकळ खर्च मंजूर करा. शिकताना मोटरी जळणारच, त्याची वसुली शिक्षकाच्या पगारातून नको.

आणि प्रशिक्षण मे महिन्यात ठेवू नका, तेव्हा विहिरी तळ गाठतात. दिवाळीनंतर पाणी भरपूर असतं, गाळही खाली बसलेला असतो. लाइफ जॅकेट आणि पट्टीचा पोहणारा एक माणूस यांची तरतूद शासन निर्णयातच करा. नाहीतर पाण्याकाठी जायची परवानगी कुणी देणार नाही.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
सिंधुदुर्ग जिल्हा