चष्मा

काणकोण,
5 ऑगस्ट 2026

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला, ते आधी कबूल करतो. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. चवथीच्या सामानाची यादीसुद्धा तिने काल भाईकाकांना वाचून दाखवली, मला नाही. हे कागदावर लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, म्हणजे मध्येच तोडायला तू नसशील.

"बाबा, तुम्हीपण आजीसारखेच झालात," म्हणालास. मनूला स्पेनमध्ये सूर्यग्रहण बघायला नेऊ नकोस म्हटलं ते वेध-सुतकासाठी नव्हे रे. 12 तारखेला इथे दिव्यांची अवस, आणि तुमच्याकडे काळोख होईल तेव्हा आमची मध्यरात्र. जे दिसतच नाही ते पाळायचं कसलं? चष्मे घेतलेस ना? त्यावर सुरक्षिततेचं मानक, आयएसओ 12312-2, छापलेलं असतं, ते बघ. मनूच्या कानामागे तो बसतो का तेही बघ. मोठ्या माणसांचा असेल तर मागून इलास्टिक शिव. सुनबाईला सांग, तू विसरशील.

16 फेब्रुवारी 1980. मी अकरा वर्षांचा. आजीने सकाळीच लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं ठेवली होती आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही म्हणून बजावलं होतं. भाईकाका तेव्हा कॉलेजात. तो मला परसातून घेऊन पळाला. पोळेपर्यंत बस, पुढे सदाशिवगड. काळी नदीवर तेव्हा पूल नव्हता, फेरीतून पलीकडे जायचं. (पूल नंतर झाला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळलासुद्धा. तू बातमी पाठवली होतीस.) तिथून अंकोला. फेरीत एवढी गर्दी की भाईकाकाने मला खांद्यावर घेतलं. उकडलेले शेंगदाणे खाल्ले ते आठवतं. बाकी पैसे कुणी दिले, घरी काय थाप मारली, काही आठवत नाही.

दुपारी आंब्याच्या सावलीत बघतो तर मातीवर चंद्रकोरीच चंद्रकोरी. पानांच्या फटीफटीतून अर्धवट सूर्य गळत होता. साडेतीननंतर ऊन कसं पातळ झालं, रंग उडालेल्या धोतरासारखं. कावळे माडावर परतले. आणि मग एकदम तो काळा गोल, भोवती पांढरं तेज. बाजूला शुक्र, भरदिवसा. भाईकाका ओरडत होता, एक म्हातारी हात जोडून रडत होती. दोन-तीन मिनिटं. निखिल, मी आयुष्यात दुसरं असं काही पाहिलं नाही. तू जन्मलास तेव्हाचं सोडून.

ते तेज असतं तेवढा वेळच नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं. कडेला पहिला ठिणगीसारखा थेंब फुटला की मान खाली. मी घातली नाही. संपूच नये असं वाटत होतं. भाईकाकाने कुणाकडून तरी एक्स-रेचा तुकडा आणला होता, तो उजव्या डोळ्यावर धरून, डावा मिटून, मी बघतच राहिलो. दुखलं नाही. डोळ्यातल्या पडद्याला वेदना कळतच नाही, तिथेच तर माणूस फसतो. सोमवारी शाळेत फळ्यावरच्या अक्षरांच्या मधोमध भोक.

उजव्या डोळ्याला विटी लागली असं तुला सांगत आलो. आजीलाही तेच सांगितलं. खरं कळलं असतं तर तिने भाईकाकाला घरात घेतलं नसतं. आईला लग्नानंतर सांगितलं. आता तुला.

परत उपदेश सुरू झाला, माफ कर. पण एकच. तिथे स्पेनमध्ये, बुर्गोसला, ग्रहण संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला, सूर्य क्षितिजाला टेकत आलेला असताना. इथे पाळोळ्याला समुद्रावर मनू माझ्या मांडीवर बसून सूर्य बुडेपर्यंत डोळे न मिटता बघायची. मीच शिकवलं, "बघ, गेला, गेला." तिला वाटेल हाही तसलाच, आजोबांचा सूर्य. म्हणून म्हणतो, चष्मा. काळोख झाल्यावर काढायला हरकत नाही, काढूच दे, नाहीतर एवढ्या लांब जाऊन काय उपयोग! पण ते जेमतेम पावणेदोन मिनिटं. तू तेव्हा वर बघू नकोस, तिच्याकडे बघ. हे सांगणं क्रूर आहे, कळतं मला. निदान शेवटची दहा सेकंदं तरी.

मी येत नाही ते व्हिसामुळे नाही, आणि तुझ्या पोर्तुगीज पासपोर्टवरचा राग तर केव्हाच गेला. पदेराला पाव घेता घेता मीच सांगितलं, मुलगा ग्रहण बघायला स्पेनला चाललाय म्हणून. त्याने दोनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. आईचे गुडघे, पाऊस, चवथ, कारणं पुष्कळ आहेत. तुझ्याशेजारी उभा राहून मी पुन्हा मान खाली घालणार नाही, ही भीती खरी.

त्या रात्री मी जागाच असेन. आई दिवे पुजून झोपेल. तुमचं आटोपलं की फोन कर, भांडणाचं नंतर बघू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मनूचं दूध झालं की, भिंतीवरचं कॅलेंडर तिच्यापुढे धर. आधी डावा डोळा झाकून वाचायला सांग, मग उजवा. मधला आकडा दिसतो का विचार. मला लगेच कळव.

तुझा,
बाबा