गाडी उचलली, उधारी कोण फेडणार?

संपादक साहेब,

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) मेन रोडवर चालायला जागा नसते हे मान्यच आहे, सणासुदीला तर बाईकही निघत नाही, म्हणून फेरीवाले हटवले की लोक खुश होतात. पण महापालिकेने फेरीवाल्याची हातगाडी उचलली म्हणजे फक्त गाडीच जाते का बाप्पा? तर्री पोहेवाल्याचं किराणा दुकानात खातं असतं, संत्रेवाल्याने पहाटे कळमन्याच्या ठोक बाजारातून उधारीवर माल उचललेला असतो, तो विकला नाही तर दुसऱ्या दिवशी व्यापारी उभा करत नाही, मग व्याजाने पैसे घ्या, पोराची ट्यूशन बंद करा. त्यात २०२० मध्ये केंद्राने फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना काढून सुरुवातीला १० हजारांचं कर्ज दिलं, म्हणजे एका हाताने धंद्याला पैसे द्यायचे अन् दुसऱ्या हाताने धंदाच उचलून न्यायचा, हे काहून?

२०१४ चा पथविक्रेता कायदा सरळ सांगतो, आधी फेरीवाल्यांचा सर्व्हे अन् विक्रीचं सर्टिफिकेट, तोवर कोणाला हटवायचं नाही. सर्टिफिकेटवाल्याला हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत. लायसन नाही म्हणून हाकलता, पण ते द्यायचं काम कोणाचं आहे?

जागा आखून द्या, वेळ ठरवून द्या. अन् फुटपाथवर कार लावणाऱ्यांनाही तोच नियम लावा.

– एक वाचक, महाल, नागपूर