राहून गेलेल्या एका मर्यादेसाठी आभार

श्रीमती लॉरा ॲबट यांस,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०१९मध्ये लिनक्स कर्नलमधील (म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातील) रिअलटेकच्या ‘आरटीएलवायफाय’ या वाय-फाय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे वाय-फायची चिप चालवणाऱ्या भागात, बफर ओव्हरफ्लोची (ठरवून दिलेल्या जागेबाहेर स्मृतीत लिहिले जाण्याची) त्रुटी असल्याचे निको वाइसमन यांनी निदर्शनास आणले आणि त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आपण लिहिला. त्याबद्दल आभार मानायला मला फार उशीर झाला आहे. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहीत आहे, कारण आपला पॅच ज्यांच्या यंत्रांत जाऊन बसला आहे त्यांना तो काय होता हेही कळावे.

आमच्या वाचनालयात देणगीदाखल आलेले सात जुने लॅपटॉप मी सांभाळतो आणि त्यांतील चारांमध्ये हाच ड्रायव्हर चालत होता. बातमी वाचल्यावर मी त्या चौघांचे वाय-फाय बंद करून त्यांना केबलने राउटरशी जोडले आणि कर्नलचे अद्ययावत पॅकेज येईपर्यंत मुलांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. सदोष भाग वाय-फाय डायरेक्टशी, म्हणजे राउटरशिवाय यंत्रे एकमेकांना थेट जोडण्याच्या सोयीशी, संबंधित होता आणि आमच्याकडे ती सोय कोणी वापरत नसे, त्यामुळे आमच्यापुरता धोका बहुधा लहानच असावा. तरीही हवेतून आलेल्या संदेशाने कर्नलची स्मृती बिघडू शकते, हे कळल्यावर स्वस्थ बसवले नाही.

नंतर मी आपला बदल उघडून वाचला. वाय-फाय डायरेक्टमध्ये गटप्रमुख यंत्र वीज वाचवण्यासाठी आपण केव्हा गैरहजर असू हे आधी कळवते; एक प्रकारे तो रजेचा अर्जच. त्यातील प्रत्येक नोंद १३ बाइटांची असते. ड्रायव्हर आलेल्या लांबीतून २ वजा करून उरलेल्या संख्येला १३ने पूर्ण भाग जातो का एवढे तपासत असे, परंतु नोंदी किती आहेत हे मात्र पाहत नसे, आणि त्या ठेवायला जागा होती केवळ दोन नोंदींची. म्हणजे दहा नोंदींचा, १३२ लांबीचा अर्ज त्या तपासणीतून बिनदिक्कत पुढे जाई आणि उरलेल्या आठ नोंदी शेजारच्या स्मृतीवर लिहिल्या जात. तपासणी अजिबात नसती तर ती उणीव कदाचित लवकर डोळ्यांत भरली असती. इथे तपासणी होती, पण भलत्याच गोष्टीची.

आपण नोंदींची संख्या कमाल मर्यादेशी ताडून पाहणारी अट हा संदेश वाचणाऱ्या दोन्ही फंक्शनांत (कोडच्या तुकड्यांत) घातली. मला अधिक भावली ती दुसऱ्या आवृत्तीतील दुरुस्ती: जादा नोंदी दिसताच चूक म्हणून काम सोडून देण्याऐवजी संख्या दोनवर आणून पुढे जायचे, म्हणजे लांब पण प्रामाणिक संदेश पाठवणाऱ्या यंत्राचीही अडचण होत नाही. त्रुटी वाइसमन यांच्या लक्षात आली होती, हे आपण पॅचच्या टिपणातच नोंदवून ठेवले, म्हणूनच आज मला हे आभार त्यांनाही पोहोचवता येत आहेत.

पॅकेज आल्यावर चारही लॅपटॉप मी एकाच संध्याकाळी अद्ययावत करून पुन्हा सुरू केले आणि केबली गुंडाळून कपाटात ठेवल्या.

आपला कृतज्ञ,
एका वाचनालयाचे संगणक सांभाळणारा